टायरची पकड गणिताने वर्तवण्यामागचा इतिहास

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडलेला व पुढे कुलोम यांनी पक्का केलेला नियम धातू-लाकडाला बराचसा लागू पडतो, रबराला नाही. रबराचा घर्षणांक (घर्षणबल आणि भार यांचे गुणोत्तर) दाब वाढला की घटतो, शिवाय वेग आणि तापमानाप्रमाणेही बदलतो. त्यामुळे टायरची पकड दीर्घकाळ फक्त मोजली जात होती, वर्तवली जात नव्हती.

या कोड्याला दिशा दिली ती रबर-संशोधक ग्रॉश यांच्या १९६३ मधील प्रयोगांनी. घर्षणाने रबर तापू नये म्हणून त्यांनी घसरण्याचा वेग अत्यंत कमी ठेवला आणि तापमान बदलत नेले. निरनिराळ्या तापमानांना वेगानुसार घर्षण दाखवणारे आलेख वेगाच्या अक्षावर सरकवताच ते एकाच सलग वक्रात बसले. खरखरीत पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी पसरल्यावर त्या वक्राचा कमी वेगाकडील उंचवटा नाहीसा झाला. तो उंचवटा रबर चिकटण्याचा होता. उरलेले शिखर रबर दबून पुन्हा फुगताना उष्णतेत जाणाऱ्या ऊर्जेचे होते. या विषयात इतका निर्णायक आणि इतका साधा प्रयोग क्वचितच झाला असेल.

वाहन-अभियंत्यांना मात्र लगेच वापरता येईल असे सूत्र हवे होते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाचे पासेका आणि व्होल्वो या मोटार कंपनीतील अभियंते यांनी १९८७ मध्ये मांडलेले, टायर किती घसरतो यावरून त्याचे बल सांगणारे आणि पुढे ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणून रूढ झालेले सूत्र आजही वापरात आहे. पण ते मोजलेल्या आकड्यांवर बसवलेला वक्र असल्याने रबर किंवा रस्ता बदलला की मोजणी पुन्हा करावी लागते.

पकड न मोजता ती गणिताने काढण्याचा पाया संशोधक क्लुप्पेल व हाइनरिख यांनी २००० मध्ये आणि पेर्सन यांनी २००१ मध्ये घातला. रस्त्याच्या मोठ्या खडीवर लहान खडबड असते आणि तिच्यावर आणखी सूक्ष्म. सेकंदाला एक मीटर वेगाने घसरणाऱ्या रबराला एक मिलिमीटरचे उंचवटे सेकंदाला हजार वेळा दाबतात, तर एक मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) दहा लाख वेळा, आणि प्रत्येक वारंवारितेला रबर वेगळी ऊर्जा गमावते. या सर्व पातळ्यांवरील ऊर्जेच्या ऱ्हासाची बेरीज हाच या सिद्धांतांचा गाभा आहे. ही बेरीज किती सूक्ष्म पातळीपर्यंत न्यायची, यावर उत्तर बरेच बदलते. धूळ, पाणी आणि झिजलेल्या रबराचा थर सर्वांत बारीक खाचा बुजवत असल्यामुळे ती मर्यादा केवळ रस्त्याच्या आकारावरून ठरवता येत नाही.