व्होरोन्त्सोव्ह, मिखाईल सिम्यॉनोव्हिच

(१७८२–१८५६). रशियन सेनानी, फील्डमार्शल. जन्म सेंट पीटर्सबर्गमधील बड्या सरदार घराण्यात. वडील लंडनमध्ये रशियाचे राजदूत असल्याने त्याचे बालपण व शिक्षण तेथेच झाले. १८०१ मध्ये तो रशियात परतला व दोन वर्षांतच कॉकेशसच्या आघाडीवर गेला.

मॉस्कोजवळील बोरोदिनोच्या लढाईत (७ सप्टेंबर १८१२) रशियन सेनापती बाग्रातिओनच्या मातीच्या मोर्च्यांचे रक्षण त्याच्या ग्रेनेडिअर (निवडक पायदळ) डिव्हिजनकडे होते. नेपोलियनच्या हल्ल्याचा पहिला तडाखा तिनेच झेलला. सकाळी सुमारे ४,००० सैनिक होते. संध्याकाळी जेमतेम ३०० उरले. तो स्वतः पायाला गोळी लागून जखमी झाला. मॉस्कोतील वाड्यातून सामान हलवण्यासाठी गाड्या आल्या होत्या. त्या त्याने जखमींना दिल्या आणि शेकडो जखमींना आंद्रेयेव्हस्कोये येथील आपल्या जहागिरीवर नेऊन स्वखर्चाने उपचार करवले. त्याची योग्यता विजयांपेक्षा अशा वागण्यातून अधिक कळते.

मार्च १८१४ मध्ये फ्रान्समधील क्राऑनच्या पठारावर त्याच्या पायदळाने खुद्द नेपोलियनशी दिवसभर झुंज दिली व शिस्तीत माघार घेतली. १८१५ ते १८१८ या काळात फ्रान्समध्ये ठेवलेल्या रशियन कोअरचे (मोठ्या सैन्यदलाचे) नेतृत्व त्याच्याकडे होते. तेथे त्याने फटक्यांच्या शिक्षेला आळा घातला व सैनिकांसाठी शाळा काढल्या. परतताना अधिकाऱ्यांची स्थानिकांकडील देणी त्याने स्वतःच्या मालमत्तेतून फेडली. छडीच्या धाकावर चालणाऱ्या त्या काळच्या सैन्यात हे फारच वेगळे होते.

१८२३ पासून नोव्होरोस्सियाचा (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील रशियन प्रांताचा) गव्हर्नर-जनरल असताना, १८२८ मध्ये तुर्कांविरुद्धच्या युद्धात सेनापती मेन्शिकोव्ह जखमी झाल्यावर वार्ना या तुर्की किल्ल्याच्या वेढ्याची सूत्रे त्याच्याकडे आली व किल्ला पडला.

१८४४ च्या अखेरीस तो कॉकेशसचा व्हाइसरॉय नेमला गेला. झार पहिला निकोलाय याला रशियाविरुद्ध लढणाऱ्या कॉकेशसमधील डोंगरी मुस्लिमांचा नेता शामिल याच्याविरुद्ध झटपट निकाल हवा होता. त्यासाठी १८४५ मध्ये शामिलच्या दार्गो या ठाण्यावर स्वारी झाली. गाव हाती आले, पण ते रिकामे व जळके होते. रसद आणण्यासाठी पाठवलेल्या तुकडीची जंगलात आडव्या टाकलेल्या झाडांमागून कत्तल झाली. माघारीत उरलेले सैन्य वेढले गेले. जनरल फ्रायटागच्या कुमकेने ते वाचले. तरीही व्होरोन्त्सोव्हला प्रिन्स हा किताब मिळाला! त्यानंतर मात्र त्याने घाई सोडली: जंगल तोडायचे, रस्ता काढायचा, गढी बांधायची आणि मगच पुढे सरकायचे. या पद्धतीत रशियन सैनिकांचे प्राण वाचले, पण चेचेन गावांना घरे, शेते व जंगले गमवावी लागली.

१८५४ मध्ये तो निवृत्त झाला, १८५६ मध्ये फील्डमार्शल झाला व त्याच वर्षी ओडेसात मरण पावला. दार्गोच्या स्वारीत त्याच्या हाताखाली लढलेला प्रिन्स बार्यातिन्स्की याच्यापुढे १८५९ मध्ये गुनीब येथे शामिलने शरणागती पत्करली.