‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे!

कुपवाड एमआयडीसीत थिनरच्या डब्यावर, साताऱ्याजवळ महामार्गावरच्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेले दिसते. ‘इन’ म्हणजे नकार, म्हणजे हे पेटत नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो जिवावर बेतू शकतो.

शब्द शेवटाकडून सोडवा. ‘एबल’ काढला की उरते ‘इन्फ्लेम’, म्हणजे पेटवणे. मूळ लॅटिन ‘इन्फ्लामारे’. त्यातला ‘इन’ ‘आत’ या अर्थाचा. ‘इनकरेक्ट’मधला नकाराचा ‘इन’ वेगळा. रूप एक, कूळ निराळे. मिरजेच्या दवाखान्यात सुजेला ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात, तेही याच मुळाचे.

हाच घोळ टाळायला १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच: ज्वालाग्राही. न पेटणारे ते ‘नॉन-फ्लेमेबल’.