पास्काची मेणबत्ती

पास्काची मेणबत्ती : पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री, पवित्र शनिवारी, नव्याने पेटवलेल्या अग्नीवर प्रज्वलित केली जाणारी मोठी मेणबत्ती. रोमन कॅथलिक उपासनेत ती मृत्यूतून उठलेल्या ख्रिस्ताचे चिन्ह मानली जाते. प्रकाशाने अंधारावर मात केली ही ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातील धारणा बायबलमध्ये अनेक ठिकाणी शब्दांत आली आहे. या विधीत मात्र ती डोळ्यांना दिसते आणि हातात धरता येते. ‘पास्का’ हा शब्द हिब्रू ‘पेसाह’वरून आला. इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्राएली लोकांची सुटका झाल्याची आठवण जपणारा तो वल्हांडण सण होय. ‘निर्गम’ या ग्रंथात त्या लोकांना रात्री वाट दाखवणारा अग्निस्तंभ वर्णिला आहे, आणि चर्चच्या काळोखात सर्वांच्या पुढे चालणाऱ्या या मेणबत्तीमागे तोच संदर्भ आहे.

या धारणेचा मूळ आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील ग्रंथाच्या, पहिल्या अध्यायात सापडतो. प्रकाश अंधारात प्रकाशत राहतो, असे तेथे पाचव्या वचनात वर्तमानकाळात म्हटले आहे आणि अंधाराविषयी ‘कातालांबानो’ हे ग्रीक क्रियापद योजले आहे. पकडणे, ताब्यात घेणे आणि आकलन करून घेणे असे त्याचे अर्थ होतात; त्यामुळे अंधाराला प्रकाश कळला नाही आणि अंधाराला तो गिळता आला नाही, असे दोन्ही अर्थ निघतात. बहुतेक भाषांतरकारांना यांपैकी एकाची निवड करावी लागते. मराठीत ‘ग्रहण’ हा शब्द समजून घेण्यालाही लागतो आणि सूर्यचंद्र ग्रासले जाण्यालाही, त्यामुळे मूळ शब्दाची ही दुहेरी छटा मराठी वाचकाला सहज जाणवू शकते. याच शुभवर्तमानात निकदेम हा यहुदी धर्मपुढारी येशूकडे रात्री येतो, आणि येशूचा विश्वासघात करणारा शिष्य यहूदा शेवटच्या भोजनावरून उठून बाहेर पडतो तेव्हा, रात्र होती, एवढेच सांगून लेखक थांबतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. प्रकाश आणि अंधार या दोन तुल्यबळ, अनादी शक्ती असून त्यांचे युद्ध चालू आहे, अशी मांडणी तिसऱ्या शतकात मानी याने स्थापन केलेल्या पंथाने केली होती. चौथ्या-पाचव्या शतकांतील ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे या पंथाचा अनुयायी होता; पुढे त्यानेच या मांडणीचे कसून खंडन केले. दुष्टपणाला स्वतःचे स्वतंत्र तत्त्व नाही, तो चांगल्याचा अभाव आहे, हे त्याचे प्रतिपादन पश्चिमेकडील ख्रिस्ती विचारात रुजले. अंधार खरा आहे, तो माणसाला छळतो, हे ही श्रद्धा नाकारत नाही. क्रुसावरील मरणापूर्वी दुपारी तीन तास देशभर अंधार पडल्याचे शुभवर्तमाने सांगतात. तथापि अंधाराला देवाच्या बरोबरीचे स्थान ही श्रद्धा देत नाही.

विधीचा आरंभ चर्चच्या बाहेर, रात्र पडल्यावर होतो. आतले सर्व दिवे मालवलेले असतात. अग्नीला आशीर्वाद दिल्यावर धर्मगुरू मेणबत्तीवर क्रूस कोरतात, त्याच्या वर ‘आल्फा’ आणि खाली ‘ओमेगा’ ही ग्रीक वर्णमालेतील पहिली आणि शेवटची अक्षरे आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे काढतात. त्यानंतर ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणे क्रुसाच्या आकारात मेणात रोवले जातात. काळावर ख्रिस्ताची सत्ता आहे, ही गोष्ट त्या विशिष्ट वर्षाच्या आकड्यांमुळे हवेत राहत नाही.

पेटलेली मेणबत्ती घेऊन मिरवणूक आत शिरते आणि तीन ठिकाणी थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असा घोष होतो. लोक देवाचे आभार मानून उत्तर देतात. दुसऱ्या घोषानंतर भाविकांच्या हातातील मेणबत्त्या मोठ्या मेणबत्तीवरून आणि पुढे एकमेकांवरून पेटवल्या जातात. पेटलेली मेणबत्ती सरळच धरायची आणि शेजाऱ्याने आपली विझलेली तिरपी करून ज्योतीला लावायची, म्हणजे मेण हातावर सांडत नाही, हे लहान मुलेही थोरांचे पाहून शिकतात. बाकांच्या रांगांतून उजेड असा हाताहातांनी मागे सरकतो, आणि दिव्याचे बटण अजून कोणी दाबलेले नसते तरी शेजारच्याचा चेहरा दिसू लागतो. या धारणेचे याहून नेमके भाष्य क्वचितच आढळेल.

यानंतर ‘एक्सुल्तेत’ नावाची पास्काची घोषणा गायिली जाते. हा अग्नी वाटला गेला तरी उणा होत नाही, असे तिच्यात म्हटले आहे आणि मेण देणाऱ्या मधमाश्यांचाही तिच्यात उल्लेख येतो. मेणबत्तीची अशी स्तुती करण्याची प्रथा चौथ्या-पाचव्या शतकांत रूढ होती. अशा स्तुतीसाठी आपण रचलेल्या काही ओळी ऑगस्टीननेही उद्धृत केल्या आहेत. दक्षिण इटलीत दहाव्या ते तेराव्या शतकांदरम्यान ही घोषणा चर्मपत्राच्या लांब गुंडाळ्यांवर लिहीत. त्यांतील चित्रे बहुधा मजकुराच्या उलट्या दिशेने काढलेली असत, कारण गाणारा डीकन (धर्मगुरूचा दीक्षित साहाय्यक) उंच चौथऱ्यावरून वाचता वाचता गुंडाळी पुढे सोडी आणि समोरच्या लोकांना ती चित्रे सुलट दिसत. लॅटिन न कळणाऱ्यांसाठी केलेली ही व्यवस्था अतिशय आपुलकीची म्हणावी लागेल.

मध्ययुगात हा विधी हळूहळू लवकरच्या वेळेकडे सरकत गेला आणि पुढे कित्येक शतके तो शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात होत राहिला. ‘हीच ती रात्र’ हे घोषणेतील शब्द सूर्यप्रकाशात गायिले जात. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि 1955 च्या आदेशाने कायमस्वरूपी तो रात्री परत आणला. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषांना उपासनेत वाव दिला. त्यानंतर वसईच्या चर्चांतून ही घोषणा मराठीत ऐकू येऊ लागली. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चांत मध्यरात्री काळोखातून पुढे आणलेल्या ज्योतीवरून सर्वजण आपापल्या मेणबत्त्या पेटवतात, आणि जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमधील ज्योत पाहण्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू जमतात.

पुनरुत्थानाचा सण वसंतसंपाताच्या (दिवस व रात्र समान असण्याच्या) दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढील रविवारी असल्याने त्या रात्री आकाशात अनेकदा मोठा चंद्र असतो, हे सहसा लक्षात येत नाही. जागरणाच्या याच रात्री नव्या उमेदवारांना स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देण्याची परंपरा प्राचीन आहे. दुसऱ्या शतकातील हुतात्मा जस्टिन याने या संस्काराला ‘प्रकाशित होणे’ असे म्हटल्याचे नमूद आहे.

पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, म्हणजे पन्नास दिवस, ही मेणबत्ती वेदीजवळ उभी असते. त्यानंतर ती स्नानसंस्काराच्या कुंडाजवळ नेऊन ठेवतात. वर्षभरात तेथे आणलेल्या प्रत्येक बालकाची छोटी मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवून आईबाप किंवा धर्ममातापिता यांच्यापैकी एकाच्या हाती दिली जाते, आणि अंत्यविधीच्या मिस्साच्या (ख्रिस्तयागाच्या) वेळी हीच मेणबत्ती शवपेटीजवळ तेवत ठेवतात.