‘असा व्यवसाय नसतो’ : वेंडी रनारच्या कारकिर्दीमागचा इतिहास

२०२५ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या महिला युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेसाठी फ्रान्सचे प्रशिक्षक लॉराँ बोनादेई यांनी जाहीर केलेल्या संघात वेंडी रनारचे नाव नव्हते. १६० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने, अनेक वर्षांचे कर्णधारपद आणि मध्यबचावपटू असूनही राष्ट्रीय संघासाठी केलेले तीसहून अधिक गोल एवढी शिदोरी असलेली खेळाडू वयाच्या ३५ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर वगळली गेली. तिच्याबरोबर यूजेनी ल सोमेर आणि केन्झा दाली या अनुभवी खेळाडूंनाही बाजूला ठेवण्यात आले. नव्या पिढीला वाव देण्याची प्रशिक्षकांची भूमिका होती आणि खेळात असे निर्णय होतच असतात. मात्र रनारची कारकीर्द ज्या काळात घडली, तो काळ ध्यानात घेतल्याशिवाय या बातमीचे वजन कळत नाही. तिने बालपणी निवडलेला व्यवसाय तेव्हा तिच्या देशात अस्तित्वातच नव्हता, आणि तो उभा राहण्याचा काळ व तिच्या खेळण्याचा काळ जवळजवळ एकच आहे.

रनारचा जन्म २० जुलै १९९० रोजी मार्तिनिक या कॅरिबियन बेटावर झाला. हे बेट पॅरिसपासून जवळपास सात हजार किलोमीटर दूर असले तरी राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने ते फ्रान्सचाच भाग आहे, त्यामुळे तिथल्या मुलामुलींना फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचे दार कागदोपत्री तरी उघडे असते. ती वाढली बेटाच्या उत्तर टोकाला, ल प्रेशर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात, पले या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. चार बहिणींत ती धाकटी. ती आठ वर्षांची असताना वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले आणि घर आईने सांभाळले. फुटबॉल ती मुलांबरोबरच खेळू लागली. शाळेत ‘मोठेपणी कोण होणार’ असे विचारले गेले तेव्हा आपण व्यावसायिक फुटबॉलपटू होणार असे आपण सांगितले आणि मुलींसाठी असा व्यवसाय नसतो असे उत्तर शिक्षिकेकडून मिळाले, ही आठवण रनारने पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. ही गोष्ट बहुतेक वेळा शिक्षिकेच्या कोत्या दृष्टीचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ते अन्यायाचे वाटते. १९९० च्या दशकात फ्रान्समधील महिलांची लीग पूर्णपणे हौशी होती, आणि शिक्षिकेने जे सांगितले ते त्या घडीचे सरळ सत्य होते. विचारायला हवे ते असे, की ज्या देशात बायका १९१७ पासून फुटबॉल खेळत होत्या, तिथे ऐंशी वर्षांनंतरही हे सत्य कसे राहिले?

पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये फेमिना स्पोर या महिला क्रीडा मंडळाने फुटबॉलचे सामने भरवायला सुरुवात केली. महिलांच्या स्वतंत्र क्रीडा महासंघाने १९१९ मध्ये अजिंक्यपद स्पर्धाही सुरू केली. या महासंघाच्या प्रमुख कार्यकर्त्या आलिस मिल्या यांनी १९२० मध्ये फ्रेंच महिलांचा संघ इंग्लंडला नेला आणि तिथे डिक, कर लेडीज या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या प्रसिद्ध संघाशी त्यांचे सामने झाले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली. फ्रान्समध्ये मात्र खेळ एका फटक्यात थांबला नाही, तो हळूहळू आटत गेला. वैद्यकीय मतांचा बाऊ, वर्तमानपत्रांतील टवाळी आणि पुरुषांच्या महासंघाची उदासीनता यांमुळे १९३० च्या दशकात संघटित महिला फुटबॉल जवळपास संपला होता, आणि १९४१ मध्ये, देशाचा मोठा भाग नाझी जर्मनीने व्यापलेला असताना, फ्रान्सच्या विशी राजवटीने त्यावर उघड बंदीच घातली.

त्याचा पुनर्जन्म झाला तोही काहीसा अपघातानेच. १९६८ मध्ये रँस शहरातील एका दैनिकाच्या वार्षिक उत्सवासाठी पत्रकार पिएर जोफ्रुआ यांनी करमणुकीचा भाग म्हणून महिलांचा सामना ठरवला आणि त्यासाठी खेळाडू हव्यात अशी जाहिरात दिली. आलेल्या तरुणींना करमणूक करायची नव्हती, त्यांना खेळायचे होते. त्यांचा संघ टिकला आणि पुढे त्यातूनच स्टाद द रँसचा महिला संघ उभा राहिला. फ्रेंच फुटबॉल महासंघाने मार्च १९७० मध्ये महिला फुटबॉलला मान्यता दिली. १७ एप्रिल १९७१ रोजी आझब्रुक येथे फ्रान्सने नेदरलँड्सला ४-० ने हरवले, आणि हा सामना महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मानला जातो. १९७४ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. मान्यता मिळाली, पण पैसा, सुविधा आणि पगार मात्र आले नाहीत. खेळाडू दिवसा नोकरी किंवा शिक्षण करून संध्याकाळी सराव करत राहिल्या. विश्वचषकात फ्रान्सचा महिला संघ प्रथम खेळला तो थेट २००३ मध्ये.

या पार्श्वभूमीवर १९९८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुरुषांच्या विश्वविजेतेपदाने अवघा देश न्हाऊन निघाला, आणि त्याच वर्षी क्लेरफोंतेन येथील राष्ट्रीय केंद्रात निवडक मुलींसाठी निवासी प्रशिक्षण सुरू झाले. मुलींना शिक्षण आणि दर्जेदार सराव एकत्र मिळण्याची ही पहिली वाट. किशोरवयीन रनार याच वाटेने जाण्यासाठी समुद्र ओलांडून चाचणीला आली आणि नापास झाली. बेटावर परत जाण्याऐवजी तिने ल्योंमध्ये चाचणी दिली. तिथले प्रशिक्षक फरीद बेनस्टिटी यांनी तिला ठेवून घेतले आणि २००६ मध्ये, १६ व्या वर्षी, ती ऑलिंपिक ल्योनेची खेळाडू झाली.

ज्या क्लबमध्ये ती आली, तोही तेव्हा घडत होता. १९७० पासून चालत आलेला आणि १९९० च्या दशकात चार वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला एफसी ल्योंचा महिला विभाग २००४ मध्ये ऑलिंपिक ल्योनेत विलीन झाला. क्लबचे अध्यक्ष जाँ-मिशेल ओलास हे सॉफ्टवेअर व्यवसायातून आलेले गृहस्थ. पुरुष संघ त्या काळी सलग राष्ट्रीय विजेतेपदे मिळवत होता. त्या कमाईतला एक हिस्सा महिला संघाकडे वळवला, तर पुरुषांच्या संघावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ रकमेत युरोपातला सर्वोत्तम संघ उभा राहू शकतो, हा हिशेब त्यांनी इतरांच्या कितीतरी आधी मांडला. परदेशी खेळाडू, सरावाची चांगली मैदाने, वैद्यकीय पथक आणि नियमित पगार या गोष्टी एकेक करून येत गेल्या. फ्रेंच महासंघाने २००९ मध्ये महिलांसाठी करारपद्धती आणली, तेव्हा तिचा उपयोग करण्याची ऐपत आणि इच्छा दोन्ही असलेल्या मोजक्या क्लबांमध्ये ल्यों अग्रभागी होता. रनारच्या पहिल्याच हंगामात, २००७ मध्ये, ल्योंने या नव्या नावाखाली पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि ती मालिका २०२० पर्यंत सलग १४ वर्षे चालली. २०२१ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने ती तोडली.

आता तिच्या स्थानाविषयी. मध्यबचावपटूचे काम आकड्यांत पकडता येत नाही, कारण झालेला गोल मोजता येतो, पण योग्य जागी आधीच उभे राहिल्यामुळे जो हल्ला सुरूच झाला नाही तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. रनारची उंची १.८७ मीटर, आणि बहुतेक वर्णने तिथेच सुरू होऊन तिथेच संपतात. उंचीचा लाभ उघड आहे. कॉर्नर किंवा फ्री किकच्या वेळी ती प्रतिस्पर्धी गोलसमोर गेली की तिच्यावर दोन खेळाडू ठेवावे लागत, आणि तरीही हेडर तिचाच होई. ल्योंसाठी तिने केलेल्या शंभराहून अधिक गोलांचा मोठा भाग अशा चेंडूंवरचा आणि पेनल्टींचा आहे. पण तिचे खरे कौशल्य मला दुसरीकडे दिसते. सामन्याचा बहुतेक वेळ चेंडू स्वतःकडेच राखणाऱ्या संघाची बचावफळी मध्यरेषेपर्यंत पुढे सरकलेली असते, तिच्या मागे अर्धे मैदान मोकळे असते, आणि तासभर काहीच न घडता एखादा लांब पास येऊन वेगवान आघाडीपटू त्या मोकळ्या जागेत धावू शकते. रनार काही सर्वात वेगवान बचावपटू नव्हती. पास सुटण्याच्या आधीच दोन पावले मागे येणे, आघाडीपटूला कडेच्या रेषेकडे ढकलत नेणे आणि टॅकल शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवणे यावर तिचा बचाव उभा होता. चेंडू मिळाल्यावर उजव्या पायाने विरुद्ध बाजूच्या विंगरपर्यंत टाकलेला लांब तिरकस पास ही तर ल्योंच्या हल्ल्याची ठरलेली सुरुवातच होती.

फ्रेंच लीगमध्ये अशी कसोटी क्वचित लागे, ती लागली युरोपात. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने महिला क्लबांची स्पर्धा २००१ मध्ये सुरू केली आणि २००९ पासून तिला चॅम्पियन्स लीग हे नाव दिले. २०१० च्या अंतिम सामन्यात ल्यों जर्मनीच्या टुर्बिने पोट्सडामकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. वर्षभराने, २६ मे २०११ रोजी, लंडनमधील क्रेव्हन कॉटेजवर तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. तेव्हा २० वर्षांच्या रनारने पहिला गोल केला, लारा डिकेनमनने दुसरा, आणि ल्यों प्रथमच युरोपविजेता झाला. त्यानंतर २०१२, २०१६, २०१७, २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ अशी आणखी सात विजेतेपदे आली, आणि या आठही वेळा रनार संघात होती. या स्पर्धेत १०० सामने पूर्ण करणारी ती पहिली खेळाडू ठरली, तर २०१९-२० च्या हंगामात युएफाने तिची सर्वोत्तम बचावपटू म्हणून निवड केली. एकाच क्लबसाठी चारशेहून अधिक सामने खेळणे हे पुरुषांच्या खेळातही आता दुर्मीळ आहे. महिलांच्या खेळात ते आणखी अवघड, कारण तिच्या पिढीतील अनेक खेळाडूंचे क्लब किंवा लीगच मध्ये बंद पडल्या. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेली व्यावसायिक लीग तीन हंगामांत गुंडाळली गेली, तर २००९ मध्ये सुरू झालेली दुसरी २०१२ मध्ये.

राष्ट्रीय संघाची कहाणी मात्र निराळी आहे. रनारने २०११ मध्ये पदार्पण केले. त्या वर्षीच्या विश्वचषकात आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्स चौथा आला, आणि २०१३ मध्ये प्रशिक्षक फिलिप बेर्जरू यांनी तिला कर्णधार केले. त्यानंतर उपांत्यपूर्व फेरी ही जणू लक्ष्मणरेषा झाली : २०१५ चा विश्वचषक, २०१६ चे रिओ ऑलिंपिक, २०१९ चा मायदेशातला विश्वचषक, सगळीकडे तिथेच थांबावे लागले. २०१७ मध्ये प्रशिक्षकपदी आलेल्या कोरीन दियाक्र यांनी कर्णधारपद आमांदीन आंरी हिच्याकडे सोपवले. २०१९ च्या विश्वचषकात बचावपटूच्या वाट्याला येणारे सारे काही रनारच्या वाट्याला एकाच महिन्यात आले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या उद्घाटनाच्या सामन्यात तिने हेडरने दोन गोल केले, नॉर्वेविरुद्ध तिच्या हातून स्वयंगोल झाला, नायजेरियाविरुद्ध तिची पेनल्टी खांबावर आदळली आणि गोलरक्षकाने रेषा सोडल्यामुळे ती पुन्हा मिळाल्यावर तिने गोल केला. अखेर अमेरिकेविरुद्ध तिच्या हेडरने फ्रान्सला एक गोल मिळाला, पण सामना १-२ असा गेला.

कर्णधारपद २०२१ मध्ये परत मिळाले, पण खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यातील ताण मिटला नाही. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी, विश्वचषक पाच महिन्यांवर असताना, सर्वोच्च पातळीला न शोभणाऱ्या या व्यवस्थेला आपण यापुढे पाठिंबा देऊ शकत नाही आणि स्वतःचे मानसिक स्वास्थ्य जपणे भाग आहे, असे सांगून रनारने राष्ट्रीय संघातून माघार घेतली. कादिदियातू दियानी आणि मारी-आंत्वानेत कातोतो या सहखेळाडूंनीही तेच केले. दोन आठवड्यांत महासंघाने दियाक्र यांना पदावरून दूर केले आणि मार्चअखेर एर्वे रनार यांची नेमणूक केली (आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते नाही). वेंडी परतली आणि २९ जुलै रोजी ब्रिस्बेनमध्ये ब्राझीलविरुद्ध बरोबरी असताना ८३ व्या मिनिटाला तिच्या हेडरने फ्रान्स २-१ असा जिंकला. ती बेशिस्त वागली असे म्हणणारे तेव्हाही होते. मला त्यात शिस्तभंग दिसत नाही. आधीच्या पिढ्यांना खेळायला मिळते हेच उपकार मानावे लागत होते. खेळ हे आपले काम आहे आणि कामाची परिस्थिती नीट असावी असे म्हणण्याची जागा रनारच्या पिढीने मिळवली होती.

ही जागा अजून पुरती सुरक्षित नाही, आणि त्याचा पुरावा ल्योंमध्येच मिळतो. तिची सहखेळाडू सारा ब्योर्क गुन्नार्सडोट्टिर २०२१ मध्ये गरोदर राहिल्यानंतर क्लबने तिचा पूर्ण पगार दिला नाही. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाने त्याच वर्षी लागू केलेल्या मातृत्वविषयक नियमांच्या आधारे तिने दाद मागितली आणि क्लबला ८२ हजार युरोंहून अधिक थकबाकी द्यावी लागली. महिला फुटबॉलमध्ये सर्वात आधी आणि सर्वाधिक गुंतवणूक करणाऱ्या क्लबमध्येही हे घडले.

फ्रान्समध्ये महिलांची लीग औपचारिकरीत्या व्यावसायिक झाली ती १ जुलै २०२४ रोजी. महासंघाच्या छत्राखाली स्वतंत्र व्यावसायिक लीग स्थापन झाली आणि तिची सूत्रे जाँ-मिशेल ओलास यांच्याकडेच आली. त्या दिवशी रनार ३४ वर्षांची व्हायला तीन आठवडे बाकी होते. ल्योंमध्ये तिला १८ वर्षे झाली होती आणि तिने जिंकलेला आठवा युरोपीय चषकही दोन वर्षे जुना झाला होता.