यूएस ओपनचा फॉर्म नागपुरातून भरायचा तर: गोल्फच्या मेजर स्पर्धांची पात्रता आणि कागदपत्रे

आमच्या मैदानावर कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) म्हणून आलेला आणि आता स्वतःच खणखणीत खेळणारा कामठीचा एक पोरगा परवा म्हणाला, "सर, ओपन म्हणजे ओपनच ना? मंग आपण बी भरून टाकू ना फॉर्म." आजूबाजूचे हसले, पण पोराचं चुकलं नव्हतं. फॉर्म खरंच भरता येतो. फक्त चार मेजरपैकी, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, दोनचाच: यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन.

मास्टर्सला अर्ज नसतो, ऑगस्टा नॅशनल क्लबकडून निमंत्रण येतं. वर्षअखेरीस जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासात असणं हा तिथला रुळलेला रस्ता. हौशी खेळाडूसाठी आपल्या बाजूचा सरळ मार्ग म्हणजे एशिया-पॅसिफिक अमॅच्युअर जिंकणं. 2007 मध्ये जीव मिल्खा सिंग तिथे खेळणारे पहिले भारतीय ठरले आणि 2018 मध्ये शुभंकर शर्माला खास निमंत्रण आलं. पीजीए चॅम्पियनशिप ही व्यावसायिकांची स्पर्धा. तिच्या 20 जागा अमेरिकेतल्या क्लबांवर शिकवणाऱ्या प्रोंसाठी राखीव असतात, बाकीच्या क्रमवारी आणि विजेतेपदांवर जातात. या दोन्ही ठिकाणी आपल्याला भरायला रकानाच नाही.

यूएस ओपनचं तसं नाही. व्यावसायिक असाल किंवा हौशी असून हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 0.4 किंवा त्याहून कमी असेल, तर अर्ज करता येतो. 2024 पूर्वी ही मर्यादा 1.4 होती, म्हणजे दार अलीकडेच थोडं लोटलं आहे. 2025 मध्ये 10,202 अर्ज आले, आणि मुख्य स्पर्धेत खेळतात 156. त्यातले निम्म्याच्या आसपास सूट मिळालेले असतात: गेल्या दहा वर्षांतले विजेते, जागतिक क्रमवारीतले पहिले साठ, वगैरे. उरलेल्या जागांसाठी आधी स्थानिक फेरी, एका दिवसात 18 होल. ती केंद्रं जवळपास सगळी अमेरिकेत. त्यातून निवडलेल्यांची अंतिम फेरी, एकाच दिवसात 36 होल. ही फेरी अमेरिकेबाहेर इंग्लंड, जपान, कॅनडातही होते, पण स्थानिक फेरीतून सूट असलेल्यांनाच थेट तिथे उतरता येतं. दोन्ही फेऱ्या खेळून शेवटी स्पर्धाच जिंकणारे आजवर दोघेच: 1964 मध्ये केन व्हेंचुरी आणि 1969 मध्ये ऑर्व्हिल मूडी.

हँडिकॅप 0.4 म्हणजे नेमकं काय, यात गोंधळ होतो. तो तुमच्या शेवटच्या वीस राउंडपैकी सर्वोत्तम आठांवरून निघतो. रविवारी एकदा 71 फटक्यांत राउंड संपवला म्हणून काही होत नाही. राउंड क्लबच्या यंत्रणेत नोंदवलेले हवेत आणि स्कोअरकार्डवर मार्करची, म्हणजे तुमचे फटके मोजणाऱ्याची, सही हवी. मे महिन्यात दुपट्टा बांधून पंचेचाळीस अंशांत खेळलेला राउंडही नोंदवला नाही तर कुणी मोजत नाही. आपल्याकडची बरीच पोरं इथेच मागे पडतात. खेळतात रोज, नोंद चार महिन्यांतून एकदा.

मग कुणीतरी शहाणा सुचवतो, "प्रो म्हणून टिक कर, हँडिकॅपची भानगडच नाही." ही युक्ती जुनी आहे. 1976 मध्ये मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाच्या इंग्रज क्रेनचालकाने ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीत हेच केलं आणि 18 होलना तब्बल 121 फटके घेतले. आता फारच वाईट खेळलात तर पुढचा अर्ज नाकारला जाऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रो म्हणून एकदा उतरलात की हौशीपण गेलं. ते परत मिळवायला रीतसर अर्ज आणि साधारण सहा महिन्यांची प्रतीक्षा. त्यामुळे तो चौकोन शेवटी भरायचा, घरी बोलून.

ब्रिटिश ओपनलाही हेच सूत्र: आधी ब्रिटन-आयर्लंडमधली 18 होलची प्रादेशिक फेरी, मग 36 होलची अंतिम फेरी. शिवाय जगभरच्या काही ठरावीक स्पर्धांतून थेट जागा मिळतात. माझ्या मते नागपूरच्या पोरासाठी व्यवहार्य वाट हीच: आधी पीजीटीआयची (भारतातल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेची) क्यू-स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा, मग आशियातल्या व्यावसायिकांची एशियन टूर, मग हे सगळं. 18 होलसाठी अमेरिकेला जाणं म्हणजे एका ओव्हरसाठी लॉर्ड्स गाठणं.

तरी भरायचाच असेल तर कागदपत्रांचं ऐका. पासपोर्ट आधी. आपल्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टच्या फॉर्मवर नावाचा रकाना वेगळा, आडनावाचा वेगळा. या पोराचं आधारवर एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं आणि क्लबच्या हँडिकॅप नोंदीत तिसरंच नाव निघालं, तेही लाडाचं. स्पर्धेचा अर्ज पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच भरायचा.

फी ऑनलाइन, परदेशी व्यवहार चालणाऱ्या कार्डने. आपली कार्डं मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करा. यूएस ओपनची मुदत एप्रिलच्या पूर्वार्धात संपते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी पाचला. नागपुरात तेव्हा रात्रीचे अडीच. त्या वेळी ओटीपीची वाट बघत बसू नका.

व्हिसाबद्दल दिलासा देणारी एक गोष्ट. पगार न घेता केवळ बक्षिसाच्या रकमेसाठी खेळणाऱ्या गोल्फरला अमेरिकेचा बी-1 व्हिसा चालतो. डीएस-160 हा व्हिसाचा फॉर्म भरायचा आणि मुलाखतीला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात जायचं. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट रांगेत उभं राहण्याचा बेत करू नका, बोटांचे ठसे मुलाखतीआधी वेगळ्या केंद्रावर घेतात. स्पर्धेच्या अर्जाची पोच, क्रमवारी किंवा हँडिकॅपचा दाखला आणि खर्च कोण करणार याचे बँकेचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा.

आमच्या पोराचा हँडिकॅप सध्या 3.1 आहे. यूएस ओपनचा फॉर्म त्याने भरलेला नाही. नाव दुरुस्त करून पासपोर्टचा भरला, आणि पोलीस पडताळणीचा फोन येईल म्हणून आता खेळतानाही मोबाइल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतो.