जुनं औषध, वाढतं हृदय

‘फॅलोज टेट्रालॉजी’ हा जन्मजात हृदयदोष असलेलं बाळ रडता रडता अचानक निळं पडतं. अशा वेळी त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरायचे, हे डॉक्टरांनी आईला आधीच शिकवलेलं असतं. असे झटके येऊ नयेत म्हणून बऱ्याच बाळांना प्रोप्रानोलॉल देतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधलेलं, रक्तदाबासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं हे स्वस्त औषध. तेच या बाळांच्या हृदयाचा स्नायू वाढवायलाही मदत करील का?

या दोषात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. शस्त्रक्रियेने छिद्र बुजवता येतं, वाट मोकळी करता येते. तरीही या मुलांना पुढे आयुष्यभर हृदय निकामी होण्याचा धोका राहतो. हृदयाच्या स्नायूपेशींची पुंजी मुख्यतः लहानपणीच जमते. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्याने तयार होतात आणि वयाबरोबर तेही प्रमाण घटतं. सुरुवातीलाच पुंजी कमी पडली, तर नंतर भर घालणं अवघड.

ती कमी का पडते, याचा एक धागा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे संशोधक बर्नहार्ड क्यून यांच्या गटाला सापडला. २०१९ साली त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. हा दोष असलेल्या एका तान्ह्या बाळाला त्यांनी थायमिडिन दिलं होतं. डीएनए घडवायला लागणारा हा घटक. त्यात नेहमीच्या नायट्रोजनऐवजी किंचित जड, पण किरणोत्सर्ग न करणारा नायट्रोजन-१५ होता. पुढे बाळाच्या हृदयाच्या ऊतीत ही खूण शोधली, तेव्हा दिसलं की पेशी विभाजनाला लागत होत्या, डीएनए दुप्पट होत होता, केंद्रकंही दोन होत होती, पण शेवटची पायरी अडत होती. पेशी दुभंगतच नव्हती. मधली भिंत न घातलेल्या घरात दोन बिऱ्हाडं राहावीत, तशी दोन केंद्रकं एकाच पेशीत अडकून पडत होती.

पेशी दुभंगायला ‘ईसीटी२’ हे जनुक लागतं. अ‍ॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचे संदेश घेणारे बीटा ग्राहक त्यालाच दाबून धरतात. प्रोप्रानोलॉल नेमकं हेच ग्राहक अडवतं. नवजात उंदरांना ते दिल्यावर स्नायूपेशींची संख्या वाढली आणि मोठेपणी हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांना त्याचा फायदा झाला. फॅलोज टेट्रालॉजी असलेल्या बाळांच्या पेशीही प्रयोगशाळेत या औषधामुळे विभागल्या.

मला या संशोधनाचं मोल वाटतं ते औषध ओळखीचं असल्यामुळे. अंगावरच्या लाल रक्तवाहिन्यांच्या गाठींसाठीही तान्ह्या मुलांना प्रोप्रानोलॉल दिलं जातं. तो उपयोग फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८ साली जगासमोर आणला. त्यामुळे तान्ह्यांसाठीचा डोस माहीत आहे, धोकेही माहीत आहेत: नाडी मंदावते, रक्तातली साखर उतरते, दम्यासारखा त्रास वाढू शकतो. म्हणूनच पालकांनी हे औषध स्वतःहून सुरू करू नये, बंदही करू नये.

उंदराचं बाळ आणि माणसाचं बाळ यांत मोठं अंतर आहे. उपचार लागू पडायचा तर तो पेशी अजून विभागत असतानाच, म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हायला हवा. त्यासाठी दोष जन्मतःच कळला पाहिजे. बाळाच्या हातापायाला पल्स ऑक्सिमीटर लावायला काही मिनिटं पुरतात. ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हावी, असं मला मनापासून वाटतं. आणि पेशी खरोखर वाढल्या का, हे पडताळायचं कसं? फुप्फुसाकडची वाट मोकळी करताना सर्जन बऱ्याचदा जाड झालेल्या स्नायूचा तुकडा कापून काढतात. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळांच्या अशा तुकड्यांत दोन केंद्रकांच्या पेशी मोजून पाहता येतील.