इंजिन लीन चालते आहे: हवा जास्त की पेट्रोल कमी?

पन्हाळ्याचा चढ लागला की झटके खाणारी, पण रंकाळ्याच्या काठच्या सपाट रस्त्यावर सुरळीत चालणारी एक जुनी कार्ब्युरेटरची (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाची) मोटार आणि कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थरथरून बंद पडणारी, मात्र चढावर बिनतक्रार ओढणारी दुसरी मोटार, या दोन्हींच्या मालकांना गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकायला मिळते: इंजिन लीन चालते आहे. हे निदान चुकीचे नसते, पण ते अर्धेच असते. लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ही कमतरता हवा जास्त शिरल्यामुळे आली की पेट्रोलच कमी पोहोचल्यामुळे, हे ठरल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावू नये. आणि ते ठरवण्यासाठी त्रास नेमका केव्हा होतो ही चालकाची स्वतःची नोंद फार मोलाची असते.

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण ताकद काढताना इंजिनाला याहून रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, १२.५ ते १३ च्या आसपासचे मिश्रण हवे असते. मिश्रण लीन झाले की ज्योत सावकाश पसरते. काही वेळा तर पुढच्या फेरीत इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत सिलिंडरमध्ये धग शिल्लक राहते, ती आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाला पेटवते आणि कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो. लीन मिश्रण जितके लीन तितके अधिक गरम जळते, हा सार्वत्रिक समज मात्र तपासून घेण्यासारखा आहे. ज्योतीचे तापमान सर्वाधिक असते ते १४.७ च्या किंचित रिच बाजूला, आणि तिथून लीनकडे जावे तसे ते उतरते. इंजिनाचे नुकसान होते ते भाराखाली, कारण एरवी मिश्रण थंड ठेवणारे जादा पेट्रोल तेव्हा मिळत नाही आणि रेंगाळलेल्या ज्वलनाची झळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सोसावी लागते.

आता सुरुवातीच्या दोन मोटारींकडे वळू. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार व्हॅक्यूम असतो आणि इंजिन एकूण हवा फार थोडी घेते. अशा वेळी गॅस्केटच्या बारीक चिरेतून शिरणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम घटतो, एकूण हवा कित्येक पटींनी वाढते आणि त्याच चिरेचा परिणाम जाणवेनासा होतो. म्हणून सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीत आधी हवेची गळती शोधावी. पेट्रोलच्या तुटवड्याचे याच्या उलट असते: अर्धवट तुंबलेला फिल्टर किंवा डायफ्रॅम थकलेला पंप आयडलिंगची थोडी गरज भागवतो, पण चढावर उघडा पडतो. एक अपवाद लक्षात ठेवावा. आयडलिंगचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र, वेगळा असतो, आणि तो तुंबला तर लक्षणे हुबेहूब हवेच्या गळतीसारखी दिसतात.

पहिली चाचणी चोकची. गरम इंजिन चालू असताना चोक, म्हणजे हवा अडवून मिश्रण रिच करणारी झडप, किंचित ओढावा. इंजिन सुधारले तर मिश्रण लीन असल्याचे जवळजवळ निश्चित होते, आणि बिघडले तर इग्निशनकडे पाहावे. त्यानंतर आयडलिंगवर कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट, मॅनिफोल्डचे सांधे आणि झिजलेल्या थ्रॉटलच्या दांड्याची टोके यांवर साबणाचे पाणी थोडे थोडे फवारावे. चीर क्षणभर बुजली की इंजिनाचा आवाज बदलतो. या कामासाठी कार्ब्युरेटर क्लीनर सर्रास वापरला जातो, पण तो ज्वालाग्राही असल्याने गरम इंजिनावर मारणे मला धोक्याचे वाटते. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरची रबरी नळी चिमटीत दाबून पाहायला विसरू नये. आमच्या घरच्या जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर दोनदा खोलून झाल्यावर दोष सापडला तो याच नळीच्या आतल्या वाकावर. पेट्रोलच्या बाजूने सहज निसटणारा दोष म्हणजे टाकीच्या झाकणातले तुंबलेले हवेचे छिद्र: अर्धा-पाऊण तास चालून गाडी मरगळते, झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो आणि गाडी पुन्हा ताजीतवानी होते.

व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी कोल्हापूरची उंची हिशेबात धरली पाहिजे. पुस्तकांत निरोगी इंजिनासाठी दिलेला १७ ते २१ इंच पारा हा आकडा समुद्रसपाटीचा असतो आणि दर ३०० मीटरला साधारण १ इंच घटतो. शहर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने इथे पावणेदोन इंच कमी दिसले म्हणून गळती शोधत बसू नये. याच कारणाने इथे नेमके ट्यून केलेले कार्ब्युरेटर आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेले की तिथल्या अधिक दाट हवेत दोन-तीन टक्क्यांनी लीन होते.

इंजेक्शनच्या गाड्यांत हेच तर्कशास्त्र स्कॅनरवर आकड्यांत दिसते. फ्युएल ट्रिम, म्हणजे सेन्सर पाहून संगणकाने पेट्रोलात केलेली वाढ-घट, आयडलिंगला बरेच वाढलेले असून २५०० आरपीएमला उतरत असेल तर हवेची गळती. वेगाबरोबर वाढत असेल तर पेट्रोलचा तुटवडा. मात्र मिसफायर किंवा सायलेन्सरच्या पाइपाला सेन्सरआधी पडलेले छिद्र ऑक्सिजन सेन्सरला फसवते, कारण त्याला कळतो तो फक्त ऑक्सिजन, पेट्रोल नव्हे.

आणि उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉलचा विचार टाळता येत नाही. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १३.५ पट हवा पुरते. सेन्सर असलेली गाडी पेट्रोल वाढवून हे सांभाळून घेते. कार्ब्युरेटर मात्र जेटच्या छिद्रातून येईल तेवढेच पेट्रोल देत राहतो आणि कोणताही दोष नसताना इंजिन सात-आठ टक्क्यांनी लीन होते. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना मळ सुटा करून फिल्टरमध्ये आणते आणि जुन्या रबरी नळ्यांना अपाय करते, त्यामुळे एकाच गाडीत तिन्ही कारणे एकत्र सापडू शकतात. सांधे, नळ्या आणि फिल्टर निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरही चढावर चोक ओढावाच लागत असेल, तरच एक नंबर मोठा मुख्य जेट बसवून पाहावा. आणि त्याची परीक्षा गॅरेजच्या दारात रेस करून नव्हे, माणसे बसवून पन्हाळ्याच्या चढावर घ्यावी, कारण मुख्य जेटवर खरा ताण तिथेच येतो.